लोकरीची रसद

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने 1948 साली मध्य भारतात विलीन झाली, तरी तेथील मराठी घरांतून दरबारी दप्तराची बोली आणि पूर्वजांच्या घोडदळाच्या कथा नाहीशा झाल्या नाहीत. त्यात महूची छावणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सैनिक हा त्या घरांना परका मनुष्य कधी वाटलाच नाही. म्हणूनच 1962 च्या ऑक्टोबरात उत्तर सीमेवरून चीनशी पेटलेल्या युद्धाच्या विपरीत वार्ता येऊ लागल्या आणि देशभर स्त्रियांनी जवानांसाठी विणकामाच्या सुया हाती घेतल्या, तेव्हा माळव्यातील आमच्या आत्या-मावश्यांना कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागली नाही.

माझी आत्या त्यांपैकीच एक. समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास वसलेल्या गावात जन्म काढलेल्या त्या बाईने हिम कधी पाहिले नव्हते. आणि जिथे तिचा स्वेटर जावा अशी तिची इच्छा होती ते लडाख सीमेवरचे चुशूल चौदा हजार फुटांहून उंच. ज्याला कधी पाहिले नाही त्याचे माप कसे घ्यावे, हा प्रश्न तिने धाकट्या दिराला समोर उभे करून सोडविला, आणि आत जाड सदरा असेल या हिशेबाने छातीला काही टाके वाढवून घातले. मातकट हिरवी लोकर, किनारीस दोन सुलट दोन उलट, गळा कानापर्यंत चढेल असा उंच. कुठे टाका सुटलेला आढळला की ती तेवढ्या ओळी निष्ठुरपणे उसवी. घरच्या मुलाच्या स्वेटरातला असा दोष तिने खपवून घेतला असता. सीमेवरच्या मुलाच्या स्वेटरात घेतला नाही. अनोळखी मनुष्याविषयीची ही काटेकोर आस्था मला फार मोठी वाटते.

परंतु या आस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट दडपून टाकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्याच युद्धात सीमेच्या पूर्व टोकाला नामका छू नदीच्या काठी ज्या पलटणी उभ्या केल्या गेल्या, त्यांतील कित्येकांच्या अंगावर सुती उन्हाळी गणवेश होता. रसदीची आणि पोशाखाची तजवीज हे सरकारी कोठीचे कर्तव्य; ते चुकले त्याची किंमत जवानांनी मोजली. 18 नोव्हेंबरला चुशूलजवळच्या रेझांग ला या खिंडीत मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या कुमाऊँ पलटणीच्या तुकडीने अखेरपर्यंत झुंज दिली. त्यांचे गोठलेले देह पुढल्या फेब्रुवारीत हाती आले. त्या उंचीवर नुसत्या लोकरी स्वेटराने निभाव लागत नाही. भरीव कोट, हिमात टिकणारे बूट आणि तंबू लागतात, आणि ते कोणा गृहिणीच्या सुयांवर विणता येत नाहीत. स्त्रियांच्या श्रमांना अभिवादन करणाऱ्या राज्यकर्त्यांनी त्या अभिवादनाच्या आड कोठारातील उणीव लपू देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

रेझांग लाच्या वीरांचे स्मारक चुशूलजवळ उभे आहे आणि ते योग्यच आहे. त्या हिवाळ्यात विणणाऱ्या हातांपैकी जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या घरात पोहोचले आहेत. धार-देवासच्या वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या घरातील अशा वृद्धेजवळ या आठवड्यात बसावे, लोकर कोठून आणली, माप कोणाचे घेतले, गठ्ठे कोणत्या कचेरीत पोहोचते केले हे तिला विचारावे, आणि ते तारीखवार लिहून ठेवावे.