फितीची उलटतपासणी

२९ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूरेंबर्गच्या न्यायदालनात नाझी छळछावण्यांवरचा तासाभराचा चित्रपट दाखवला गेला. प्रेतांचे ढीग नंतर आले. आधी पडद्यावर आली ती शपथपत्रे. त्यांतले एक होते अमेरिकी नौदलाचे अधिकारी ई. आर. केलॉग यांचे. केलॉग पूर्वी हॉलिवूडमध्ये चित्रपटांतल्या करामती सांभाळत. फसवे दृश्य कसे रचतात हे ज्याला पक्के ठाऊक, त्यानेच शपथेवर सांगितले की मूळ निगेटिव्हमध्ये फेरफार नाही. शिवाय, ८०,००० फुटांतून हे ६,००० फूट निवडले आहेत, उरलेलेही मी पाहिले आहे आणि तेही याच स्वरूपाचे आहे, असे त्यांनी नोंदवले. कात्री कुठे चालली, हा प्रश्न बचाव पक्षाने विचारण्याआधीच त्याचे उत्तर नोंदीवर आले होते.

चित्रणाची दुसरी मर्यादा हेगमध्ये दिसली. १ जून २००५ रोजी सर्बियाचे माजी अध्यक्ष मिलोसेविच यांच्यावरील खटल्यात ‘स्कॉर्पियन्स’ या सर्ब तुकडीने स्वतःच केलेले चित्रण दाखवले गेले. त्यात सहा बोस्नियाक कैद्यांच्या हत्या होत्या. गोळ्या झाडणारे चेहरे स्पष्ट होते. २००७ साली बेलग्रेडच्या न्यायालयात त्यांतल्या काहींना शिक्षाही झाल्या. पण त्या तुकडीमागे हुकूम कोणाचा, हे ती फीत कशी सांगणार? ते कागदांतून आणि माणसांच्या जबानीतूनच सिद्ध करावे लागते.

आपल्यापुढचे खटले युद्धगुन्ह्यांचे नसतात, पण हे दोन्ही प्रश्न आपल्याही दारात उभे आहेत. जालन्यातल्या निवडणूक अर्जांच्या चित्रणावरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील नमुन्यात हॅश व्हॅल्यू आणि तज्ज्ञाचा स्वतंत्र भागही आला. तरीही तयार मसुद्यात फक्त नावे बदलून प्रमाणपत्र जोडायचे, ही सवय सुटत नाही. हॅश जुळला म्हणजे फाइल तीच आहे, एवढेच ठरते. कॅमेरा केव्हा सुरू झाला, मधला कोणता भाग गळला, हे हॅश सांगत नाही.

म्हणून पेन ड्राइव्ह दाखल करण्यापूर्वी चित्रण करणाऱ्याला कचेरीत बोलवा, त्याच्याकडचे संपूर्ण चित्रण पाहा आणि विरोधी वकील विचारील ते सगळे आधी तुम्हीच विचारा. तो अडखळला, तर कोर्टात निशाणी पडण्याआधी सावरायला तुमच्याकडे वेळ असेल.