गोळी लागूनही माणूस वाचतो कसा? बिदर ते अफझलगंज, अंतराचा हिशेब

१६ जानेवारी २०२५ ची सकाळ. बिदरमध्ये स्टेट बँकेसमोर एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गोळ्या झाडल्या आणि रोकड घेऊन ते पसार झाले. एकाचा जागीच मृत्यू झाला, दुसऱ्याला गंभीर अवस्थेत हैदराबादला हलवावं लागलं. त्याच संध्याकाळी हैदराबादच्या अफझलगंजमध्ये एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसजवळ, बॅग तपासण्यावरून वाद झाला आणि याच दोघांनी पुन्हा गोळीबार केल्याचं पोलिसांनी सांगितलं. तिथला कर्मचारी जखमी झाला.

एकाच दिवसात दोन राज्यांत तिघांना गोळ्या लागल्या. एक जागच्या जागी गेला, दोघं निदान दवाखान्यापर्यंत तरी पोचले. अशा वेळी गावाकडे एकच वाक्य ऐकू येतं, ‘वेळ आली नव्हती’. ते खोटं आहे असं नाही, पण त्या ‘वेळे’चा बराचसा भाग घड्याळात मोजता येतो, आणि सीमाभागात राहणाऱ्यांनी तो मोजून ठेवायला हवा.

आधी बंदुकीबद्दल. पिस्तूल आणि रायफल यांची गोळी वजनाला फारशी वेगळी नसते, फरक असतो वेगात. ९ मिमी पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर जाते, एके-४७ ची ७०० च्या वर. वेग दुप्पट झाला की मारक ऊर्जा चौपट होते. म्हणून रायफलची गोळी आपल्या वाटेच्या आजूबाजूचं मांसही फाडते, तर पिस्तुलाची गोळी मुख्यतः जिथून जाते तेवढीच वाट उद्ध्वस्त करते. या वाटेत हृदय, मेंदू किंवा पोटातली मोठी रक्तवाहिनी आली तर कुणाच्या हातात फारसं काही राहत नाही. ती बोटभर अंतरावरून हुकली, तर माणसाला वेळ मिळतो.

गोळीच्या आकारानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या गोळीबारांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. .२२, .२५, .३२ अशा लहान गोळ्यांच्या तुलनेत ९ मिमीसारख्या मध्यम गोळीने मृत्यू होण्याची शक्यता दुपटीहून जास्त, आणि .४५ सारख्या मोठ्या गोळीने साडेचार पट निघाली. आपल्याकडे सामान्य नागरिकाला ९ मिमीचा परवाना मिळत नाही, .३२ चा मिळतो. गावठी कट्ट्याचं काही सांगता येत नाही. त्याची नळीच धड नसते, गोळी सरळ जाईल की गडगडत, आणि कट्टा समोरच्यावर उडेल की चालवणाऱ्याच्या हातात फुटेल, हे नशिबावर.

पण लहान गोळी म्हणजे वाचलो, असं समजायचं कारण नाही. प्रमोद महाजन यांचंच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म आजच्या तेलंगणातल्या महबूबनगरचा, वाढले अंबाजोगाईत. २२ एप्रिल २००६ ला मुंबईत वरळीच्या घरी सख्ख्या भावाने त्यांच्यावर .३२ च्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. तीन गोळ्या पोटात गेल्या. हिंदुजा रुग्णालय जवळ होतं, लगेच नेलं, शस्त्रक्रिया झाल्या, लंडनहून यकृताचे नामांकित सर्जन मोहम्मद रेला आले. तरी ३ मे रोजी त्यांचा मृत्यू झाला. गोळ्यांनी यकृत आणि स्वादुपिंडाला इजा केली होती. फुप्फुस स्पंजासारखं लवचिक असतं, गोळी गेली तरी बऱ्याचदा छातीत नळी घालून रक्त-हवा काढली की ते सावरतं. यकृत तसं नाही, ते तडकतं आणि रक्त थांबता थांबत नाही. स्वादुपिंडातला पाचक रस बाहेर सांडला की शेजारचे अवयवच जाळायला लागतो. पहिल्या दिवशी वाचलेला माणूस दहाव्या-बाराव्या दिवशी जातो, तो असा.

आता दुसरी बाजू. ३० एप्रिल २०११ ला हैदराबादच्या जुन्या शहरात बारकसला आमदार अकबरुद्दीन ओवेसी यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या लागल्या, वर चाकूचे वारही झाले. आधी जवळच्या ओवेसी हॉस्पिटलला नेलं, नंतर बंजारा हिल्सच्या केअर हॉस्पिटलला. अनेक शस्त्रक्रियांनंतर ते वाचले आणि पुढेही निवडून येत राहिले. या प्रकरणात २०१७ मध्ये चौघांना शिक्षा झाली. उल्हासनगरचं उदाहरण तर अजून ताजं आहे. २ फेब्रुवारी २०२४ ला हिल लाईन पोलीस ठाण्याच्या आतच, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी गोळीबार केल्याच्या प्रकरणात महेश गायकवाड यांना अगदी जवळून अनेक गोळ्या लागल्या. ठाण्याच्या ज्युपिटर हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी कल्याण पूर्वमधून विधानसभा लढवली.

या दोघांच्या वाचण्यात गोळीची वाट नशिबाची होती हे मान्य. पण दोघांच्याही बाबतीत शस्त्रक्रिया होईल असा दवाखाना शहराच्या अंतरावर होता.

खरा शत्रू रक्तस्राव

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं २ लिटर गेलं की जीव धोक्यात. रक्त जातं तसं अंग गार पडतं, आणि गार पडलेल्या अंगात रक्त गोठत नाही, म्हणजे अजून जातं. हे चक्र तोडण्यासाठी आजचे सर्जन पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळं दुरुस्त करायच्या मागे लागत नाहीत. रक्त थांबवायचं, पोट तात्पुरतं झाकायचं, रुग्णाला ऊब आणि रक्त द्यायचं, बाकीचं एक-दोन दिवसांनी. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे पोलीस तर ॲम्ब्युलन्सची वाटच बघत नाहीत, गोळी लागलेल्याला स्वतःच्या गाडीत टाकून दवाखाना गाठतात.

सिनेमात मात्र चाकू तापवून गोळी काढली की हिरो वाचतो. प्रत्यक्षात गोळी बऱ्याचदा आतच ठेवतात, कारण काढताना जास्त नुकसान होतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना जुलै १८८१ मध्ये गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखमेत गोळी शोधली, जंतुसंसर्ग झाला आणि सप्टेंबरमध्ये ते गेले.

पायाला लागलं म्हणजे जिवावरचं पायावर निभावलं, हाही अर्धाच खरा समज. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाला स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी गुडघ्याखाली लागली, चार दिवसांत सुट्टी मिळाली. तीच मांडीतल्या मोठ्या धमनीला लागली असती तर प्रश्न मिनिटांचा होता. तिथे जखमेच्या चार बोटं वर रुंद पट्टी करकचून आवळणं आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवणं एवढं जरी कुणी केलं तरी जीव वाचतो. पोट-छातीला पट्टी बांधून भागत नाही. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं, गोळी आरपार गेली का म्हणून पाठ बघायची, पांघरूण घालायचं, आणि पाणी मागितलं तरी पाजायचं नाही, पुढे भूल द्यायची असते.

‘रेफर’चा प्रवास

अफझलगंजमध्येच उस्मानिया रुग्णालय आहे. बिदरहून ते सव्वाशे किलोमीटरच्या वर. बिदरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, नांदेड-लातूरलाही आहे, पण औराद, देगलूर, उदगीर, जुक्कल इथल्या माणसाची गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात सुरू होते आणि ‘हैदराबादला न्या’ या कागदावर येते. देगलूरहून नांदेडच ८० किलोमीटरच्या आसपास. तालुक्यालाच रक्त मिळालं, सर्जन मिळाला, रक्तस्राव तात्पुरता तरी थांबवला, तर पुढचा अडीच-तीन तासांचा प्रवास झेपतो. नुसतं सलाईन लावून गाडीत घातलं, तर वाटेत झहीराबाद यायच्या आतच सगळा हिशेब संपलेला असू शकतो. राजकीय भाषणांत सीमाभागाच्या मेडिकल कॉलेजच्या इमारती मोजल्या जातात. रात्री दोन वाजता तिथे पोट उघडणारा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्ताच्या पिशव्या एकत्र असतात का, हे कुणी मोजत नाही.

पोलीस केस आहे म्हणून दवाखान्याने हात लावायला नकार देणं तर बेकायदेशीरच. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की आधी उपचार, कागद नंतर, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. म्हणजे घटना कर्नाटकातली आणि दवाखाना तेलंगणातला असला, तरी जखमीला गाडीतच ठेवून ‘हद्द कुणाची’ म्हणत थांबायची गरज नाही.