ओलं धान्य वर ठेवा

रमजानच्या काही दिवस आधी माझ्या मामेभावाची नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली. वय २३, वजन ९४ किलो आणि रक्तातली साखर काठावर. रिपोर्ट वाचून मामी म्हणाली, "जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!" घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तो बराच वेळ गप्प होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आपा, रोज संध्याकाळी मोबाइलवर एकावर एक फ्रीची ऑफर पाठवणाऱ्यांचा काहीच दोष नाही का?"

सगळे हसले. मला मात्र त्या प्रश्नाचं हसू आलं नाही, कारण तो याआधी न्यायालयात विचारला गेलेला आहे.

२००२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन मुलींच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर दावा दाखल झाला. तिथल्या खाण्यामुळे आमचं वजन वाढलं, आजार जडले आणि कंपनीने धोक्याची कल्पना दिली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी तो दावा फेटाळला. असं खाणं भरमसाट खाल्लं तर अपाय होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्याच्याच अतिरेकापासून वाचवणं हे कायद्याचं काम नाही, असं त्यांचं मत होतं.

या निकालाचा एवढाच भाग लोक सांगतात. त्यात आणखी एक मुद्दा होता. ग्राहकाला ज्याची कल्पना येऊच शकत नाही असं काही पदार्थात असेल, तर प्रश्न वेगळा होतो, असं स्वीट यांनी नोंदवलं. त्यांनी चिकन मॅकनगेट्सचं उदाहरण दिलं. लोक त्याला साधं तळलेलं चिकन समजतात, पण त्यात घरच्या स्वयंपाकात कधी न वापरले जाणारे अनेक घटक असतात. दावा पुढे काही वर्षं रेंगाळला, पण त्या मुली जिंकल्या नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने असे दावेच रोखणारं विधेयक मंजूर केलं. त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. लोक त्याला 'चीजबर्गर बिल' म्हणत. सिनेटमध्ये ते अडलं, तरी अनेक राज्यांनी तसे कायदे केले.

उघड काय आणि लपलेलं काय, ही न्यायाधीशांनी आखलेली रेषा आपल्याला नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात होते. धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही? आणि फसवणूक करणाऱ्याबद्दल कडक ताकीद दिली. हा प्रसंग 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे.

लक्षात घ्या, त्यांनी दुकान बंद करायला सांगितलं नाही. पाऊस पाडला म्हणून त्या माणसाला दोषीही ठरवलं नाही. जे आहे ते वर ठेव, एवढंच मागितलं. ते वर आल्यावर घ्यायचं की नाही, हा घेणाऱ्याचा प्रश्न. माझ्या मते, खाणारा आणि विकणारा यांच्यातली जबाबदारीची वाटणी इतकी सरळ आहे. ओलं धान्य जोपर्यंत राशीच्या तळाशी आहे, तोपर्यंत सगळा दोष जिभेवर टाकणं हा अन्याय आहे.

आता आपल्याकडे या. १ जुलै २०२२ पासून भारतात दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या रेस्टॉरंट साखळ्यांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे. तेल वारंवार तापवल्यावर त्यात पोलर संयुगं तयार होतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरता येत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. नियम आहेत. पण ते पाळले जातात का, हे विचारतं कोण?

तपासणीनंतरच्या आठवड्यात मी आणि मामेभाऊ एका मॉलमध्ये गेलो होतो. त्याने काउंटरवर पहिला प्रश्न टाकला, "हलाल है ना?" मुलाने लगेच भिंतीवरच्या चौकटीतलं प्रमाणपत्र दाखवलं. मग मी विचारलं, "या कॉम्बोमध्ये कॅलरी किती?" मुलगा गोंधळला. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ॲपवर असेल बघा."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चौकटीत लावून तयार होतं, कारण तो प्रश्न आपल्यातले हजारो लोक रोज विचारतात आणि उत्तर मिळालं नाही तर उठून जातात. म्हणजे दुकानदाराला जबाबदार धरता येतं, हे आपण सिद्ध करून दाखवलेलं आहे. पण कुरआनात हलालच्या सोबत 'तय्यब' हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे चांगलं, स्वच्छ, हितकर. त्या दुसऱ्या शब्दाबद्दल आपण काउंटरवर एक अक्षर बोलत नाही. प्रमाणपत्र तेवढं बघतो आणि ३०० मिलिलिटर कोला सोबत घेतो. त्यात साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. सहा चमचे साखर घातलेला चहा आपल्याला कुणी दिला असता, तर आपण तो प्यालो असतो का?

कुणी म्हणेल, मोहल्ल्यातले शोरमावाले, ब्रोस्टवाले आपलेच लोक आहेत, त्यांच्या पोटावर का पाय देता? मलाही त्यांची काळजी आहे. दहा शाखांचा नियम त्यांना लागूही होत नाही. पण धान्य विकणारा तो माणूसही काही मोठी कंपनी नव्हता. तेल आज बदललं का, एवढं विचारल्याने कुणाचा धंदा बुडत नाही. उलट जो रोज बदलतो, त्याला ते सांगायला आवडेल.

आणि आपल्या वाट्याची जबाबदारी? ती आहेच. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तरावीहनंतर रात्री अकरा वाजता चिकनच्या बादलीभोवती बसताना ती कुठे जाते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. इफ्तारचे डबे वाटणाऱ्या आपल्या तरुण मंडळांनीही विचारावं. डब्यात सामोसा, भजी आणि सरबताची बाटली आपणच भरतो. तिथे रेस्टॉरंट आपणच असतो.

पण 'स्वतःवर ताबा ठेव' हे सांगणं सगळ्यांसाठी सारखं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं. माझा मामेभाऊ निदान रात्री मैदानावर क्रिकेट खेळू शकतो. त्याची बहीण कुठे चालणार? आमच्या मोहल्ल्यात बाग नाही, आणि रस्त्यावर चालायला निघाली तर चार खिडक्या उघडतात. तिला आळशी म्हणण्याआधी महापालिकेकडे बाग आणि स्वतःच्या घराकडे परवानगी मागायला हवी.

कॅलरीची पाटी वाचून कुणी बारीक होत नाही, हे मलाही कळतं. पण माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणसाला लाज वाटायला लावणं मला मान्य नाही. मामेभाऊ त्या रिपोर्टनंतर चार दिवस घरात सगळ्यांसमोर जेवला नाही. रात्री उशिरा एकटा बाहेर जाऊन खाऊन यायचा. लाजेने वजन कमी होत नाही, फक्त लपतं.

म्हणून पुढच्या वेळी हलालचा प्रश्न विचाराल, तेव्हा त्याला आणखी दोन जोडा. तेल कधी बदललं? आणि यात किती कॅलरी आहेत? उत्तर मिळालं नाही तर भांडू नका, फक्त पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. दहा जणांनी विचारलं, तर दुकानदार उत्तर शोधून ठेवील.

मामेभावाने परवा आमच्या गल्लीतल्या शोरमावाल्याला विचारलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "कालचं आहे. उद्या ये, उद्या नवीन टाकतो." मामेभाऊ त्या दिवशी काही न घेता घरी आला आणि मामीबरोबर डाळ-भात जेवला.