थ्रेड : खिशातल्या चाकूचे पोलाद आणि परंपरेचा प्रश्न

१/ घडीचा पारंपरिक चाकू घेऊ पाहणाऱ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो पात्याच्या पोलादाचा. कार्बन पोलाद घ्यावे की स्टेनलेस? कार्बन म्हणजे अस्सल परंपरा आणि स्टेनलेस म्हणजे कारखानदारीची तडजोड, असा समज शौकिनांत रूढ आहे. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. तो का देत नाही आणि मग निवड कोणत्या निकषावर करावी, याचा हा विचार.

२/ घडीचा चाकू म्हटले की आपल्याकडे हिंदी चित्रपटातील खलनायकाच्या हातचा रामपुरी डोळ्यांसमोर येतो. युरोपात आणि जपानात मात्र ही वस्तू शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या, शाळकरी मुलाच्या खिशातली. पाव कापणे, फांदी छाटणे, दोर तोडणे, पेन्सिलीला टोक काढणे ही तिची कामे. पोलादाचा विचार या कामांपासूनच सुरू व्हायला हवा.

३/ वस्तू फार जुनी आहे. रोमन काळातील घडीचे चाकू उत्खननांत सापडले आहेत. इंग्लंडमधील शेफिल्ड हे गाव चौदाव्या शतकातच चाकूंसाठी इतके प्रसिद्ध होते, की चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका गिरणीवाल्याजवळ शेफिल्डचाच चाकू दाखवला. १६२४ मध्ये तेथील कारागिरांचा संघ कायद्याने स्थापन झाला. पोलादाच्या वादाची दोन महत्त्वाची प्रकरणे याच गावात घडली.

४/ पहिले प्रकरण १७४० च्या दशकातले. तोपर्यंत लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून अनेक दिवस तापवल्या जात. कार्बन बाहेरून आत मुरे. त्यामुळे कांबीचा पृष्ठभाग कडक आणि गाभा मऊ राही. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगांसाठी सर्वत्र एकसारखे पोलाद हवे होते. त्याने ते मुशीत पूर्ण वितळवून तयार केले.

५/ शेफिल्डच्या चाकूकारांनी ते नाकारले. घडवायला फार कठीण, ही त्यांची तक्रार. हंट्समनला गिऱ्हाईक फ्रान्समध्ये शोधावे लागले. फ्रान्समध्ये त्या पोलादाचे चाकू बनून स्पर्धेला उतरले, तेव्हा कुठे शेफिल्डचे डोळे उघडले. आज ज्याला ‘जुने अस्सल शेफिल्ड पोलाद’ म्हणून गौरवले जाते, ते मुळात गावानेच झिडकारलेले नवे पोलाद होते.

६/ या कथेला मुंबईचा एक धागा जोडलेला आहे. १७९४ च्या सुमारास मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ या भारतीय मुशीच्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांचे परीक्षण करून १७९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्यातील एका तुकड्याचा पेनचाकू घडवला.

७/ धार उत्तम आली, पण तो तुकडा घडवताना कारागिराची दमछाक झाली. पुढे स्टोडार्ट यांनी तरुण मायकेल फॅरेडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये आले. जगातील एक श्रेष्ठ पोलाद खिशातल्या चाकूत उतरू शकते, हे सिद्ध झाले. मात्र ते हाताळण्याची विद्या जिथे होती तिथेच त्याचे खरे मोल होते, हेही दिसले.

८/ दुसरे प्रकरण १९१३ चे. बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी रोखावी, यावर शेफिल्डच्या प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली काम करत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले त्यांचे पोलाद आम्लाला दाद देईना. जर्मनीत आणि अमेरिकेतही त्याच सुमारास असे शोध लागत होते. पण हे पोलाद जेवणाच्या सुरीसाठी वापरावे, हा आग्रह ब्रिअर्लींनी धरला.

९/ गावाची प्रतिक्रिया पुन्हा तीच. घडवता येत नाही, धार येत नाही. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक, अशी ब्रिअर्लींची थट्टा झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातील व्यवस्थापकाने ते पोलाद व्हिनेगरमध्ये पारखले, ‘स्टेनलेस’ हे नाव दिले आणि योग्य तापमानाचे गणित जमवून सुऱ्या बनवून दाखवल्या.

१०/ थट्टेत तथ्य नव्हते असे नाही. ब्रिअर्लींच्या पहिल्या मिश्रणात कार्बन होता जेमतेम ०.२४ टक्के. पात्याचा कडकपणा कार्बनवर अवलंबून असतो, आणि क्रोमियम त्यातला काही कार्बन स्वतःशी बांधून ठेवते. शिवाय या पोलादाला पाणी देण्यासाठी नेहमीपेक्षा अधिक तापमान लागते. स्टेनलेसला धार टिकत नाही, हा शेरा त्या काळापुरता बऱ्याच अंशी खरा होता. शंभर वर्षांनंतरही तोच उगाळणे मात्र निराधार आहे.

११/ स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८९१ पासून सैनिकांना घडीचे चाकू पुरवले. १९०९ मध्ये आईच्या निधनानंतर तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव त्यांनी व्यवसायाला दिले. १९२१ मध्ये स्टेनलेसचा फ्रेंच पर्याय ‘इनॉक्स’ त्याला जोडला गेला आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. आज पारंपरिक मानल्या जाणाऱ्या या चाकूच्या नावातच स्टेनलेस आहे, आणि तेही शंभराहून अधिक वर्षे.

१२/ उलट उदाहरण सॅव्हॉयचे. आल्प्सच्या या प्रदेशात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे आकार ठरले. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. पाते उघडल्यावर जागेवर पक्के करणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. परंपरा म्हणून मिरवले जाणारे हे कडेसुद्धा असे नंतरचे आहे.

१३/ ओपिनेल आज दोन्ही पोलादांत मिळतो, म्हणून तुलनेला तो सोयीचा. कार्बनच्या पात्याचे पोलाद ‘एक्ससी ९०’; नावातील ९० म्हणजे ०.९० टक्के कार्बन. स्टेनलेसच्या पात्यात कार्बन त्याहून कमी आणि क्रोमियम सुमारे १४ टक्के. रोजच्या कामात दोघांच्या धारेतील फरक सामान्य हाताला क्वचितच जाणवेल. खरा फरक जाणवतो तो पात्याच्या निगराणीत.

१४/ हा फरक मराठी घराला समजावून सांगण्याची गरज नाही. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पाते काळे पडते. ओली ठेवली की सकाळी तांबेरा. जुनी माणसे विळी धुऊन, कोरडी पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवत. कार्बनचे पाते हीच सेवा मागते. काळपट छटा दोष नव्हे. पण लाल गंज पाते खातो.

१५/ कोकणातला पावसाळा, समुद्राची खारी हवा, मासळी, कोकम, लिंबू या वातावरणात वावरणाऱ्याने स्टेनलेस निवडले, तर त्यात परंपरेशी कोणताही द्रोह नाही. मुठीकडेही लक्ष हवे. दमट हवेत लाकूड फुगते आणि पाते खाचेत अडकून बसते. मुठीचे टोक टेबलावर ठोकून पाते बाहेर काढण्याची युक्ती सॅव्हॉयच्या लोकांच्या नावानेच ओळखली जाते.

१६/ नावांच्या मोहाबद्दल दोन शब्द. जपानच्या मिकी गावात बनणारा ‘हिगोनोकामी’ हा मेइजी काळातला घडीचा चाकू. त्याच्या संदर्भात ‘निळे कागदी पोलाद’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. पोलाद निळे नसते. ते ज्या कागदात गुंडाळून येई त्याचा तो रंग. पांढऱ्या कागदाच्या पोलादात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळले की निळ्या कागदाचे होते, इतकाच अर्थ.

१७/ ‘दमास्कस’ या नावाबाबत अधिक सावधगिरी हवी. आज त्या नावाने विकली जाणारी बहुतेक पाती दोन पोलादांचे थर एकत्र ठोकून आणि आम्लात बुडवून नक्षी उठवलेली असतात. वुट्झची नक्षी वितळलेले पोलाद सावकाश गोठताना त्याच्या आतच घडे. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या. थरांचे पाते वाईट नसते. पण दख्खनच्या पोलादाचा वारसा म्हणून त्याचे जादा दाम मोजणे ही फसगत आहे.

१८/ तीच गोष्ट अतिकठीण आधुनिक पोलादांची. त्यांची धार दीर्घकाळ टिकते, हे खरे. पण ती गेली की घरच्या साध्या दगडावर परत आणताना हात दुखून येतात. हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो. मेंढपाळाचा चाकू झऱ्याकाठच्या दगडावरही धार घेत असे. हा गुण गमावणारे पोलाद पारंपरिक आकारात बसवले, तर उरतो तो केवळ आकार.

१९/ म्हणून निकष एकच असावा : बोथट झालेली धार मालकाला स्वतःच्या हाताने परत आणता येते का? पाते पुसून ठेवण्याची सवय असेल तर कार्बन घ्यावे. ते दगडावर लवकर वळते आणि शिकणाऱ्याला दगडाची भाषा शिकवते. ती सवय नसेल, किंवा काम पाण्याचे आणि आंबटाचे असेल, तर मध्यम कडकपणाचे साधे स्टेनलेस घ्यावे. दोन्हींसोबत एक बरा दगड घ्यावा.

२०/ शेफिल्डने दोनदा नवे पोलाद नाकारले आणि दोन्ही वेळा ते घडवायला शिकून आपले केले. पोलाद बदलत गेले. टिकला तो धार लावणारा हात. आपल्या शहरांत सायकलवर चाक फिरवत ‘धारवाला’ म्हणून हाक देणारा माणूस आता क्वचित दिसतो, आणि बोथट सुरी फेकून नवी आणणे सोपे झाले आहे. कार्बन की स्टेनलेस या वादापेक्षा परंपरेचे खरे नुकसान इथे होते आहे.

(समाप्त)