वऱ्हाडचा सारा आणि इंग्रजांची फौज

इंग्रजांच्या हिंदुस्थानातील लष्कराचा इतिहास लिहावयाचा म्हणजे पलटणींची नावे, सेनापतींची चरित्रे आणि लढायांच्या तारखा एकापुढे एक मांडावयाच्या, अशी आमच्याकडील पुष्कळ लेखकांची समजूत झालेली दिसते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या तीन फौजा, १८९५ सालचे त्यांचे एकीकरण, पुढे किचनेरने पलटणींस दिलेले नवे क्रमांक, इतके सांगितले की विषय संपला! या फौजांचा पगार कोणाच्या घामातून निघाला, हा प्रश्न त्यांस क्षुल्लक वाटतो. आमचे मत याहून अगदी भिन्न आहे. लष्कराची खरी रचना कवाइतीच्या मैदानावर जितकी कळते त्याहून अधिक ती सारावसुलीच्या दप्तरात कळते. आणि ती पाहण्यास लंडन गाठावयास नको, बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा पुरे आहे.

हे गाव ज्या वऱ्हाडात मोडते तो मुलूख निजामाच्या अमलात होता. १८०० च्या तहान्वये निजामाने युद्धप्रसंगी इंग्रजांस फौजेची मदत करावयाची होती. या कलमाच्या आडून रेसिडेंट हेन्री रसेल व त्याच्या अनुयायांनी शांततेच्या काळातही कायम राहणारी कवायती फौज उभी केली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि खर्च मात्र निजामाचा! पगारासाठी पामर कंपनीने जबर व्याजाने कर्जे दिली व ती फेडता फेडता दौलत बुडू लागली. ही फौज शांततेत पोसण्याचे बंधन निजामावर तहाने पडत नाही, हे खुद्द डलहौसीने खासगी पत्रात मान्य केले होते. तरी १८५३ साली थकलेल्या देण्याची सबब सांगून त्यानेच वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने, अशी ही ‘हैदराबाद कंटिंजंट’. तिच्या पोटासाठी आमचा प्रांत तोडून दिला गेला.

तेव्हापासून पिंपळगावच्या कुणब्याने भरलेला हप्ता निव्वळ सरकारी देणे राहिला नाही. तो शिपायाचा पगार, घोड्याचा दाणा आणि तोफेची दारू झाला. १८५८ साली ह्यू रोजच्या हाताखाली हीच कंटिंजंट मध्य हिंदुस्थानात गेली व झाशीच्या राणीविरुद्ध लढली. त्या राणीचे पोवाडे ज्या गावांत भक्तिभावाने ऐकले गेले, त्याच गावांच्या साऱ्यावर तिच्याविरुद्धचे सैन्य पोसले गेले होते! हा दोष रयतेचा नव्हे. परंतु ही गोष्ट गाळून लिहिलेल्या इतिहासास इतिहास म्हणावे काय?

पुढचा प्रकार तर अधिकच चमत्कारिक आहे. १८६० च्या तहाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला, आणि कारभारावर किती खर्चावे हे सर्वस्वी इंग्रजांच्या मर्जीवर राहिले. १९०२ साली कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर प्रांताचा कायम पट्टा लिहून घेतला, आणि लगोलग १९०३ साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन केली. जिच्या खर्चासाठी प्रांत घेतला ती फौज नाहीशी झाली. प्रांत मात्र ज्याचा त्यास परत मिळाला नाही! ‘९६ वी बेरार पलटण’ या नावापुरता वऱ्हाडचा उल्लेख तेवढा उरला. ती पलटण १९२२ साली १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि १९४५ साली त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ असे झाले.

यावर कोणी म्हणतील की, इंग्रजांनी वऱ्हाडास स्वास्थ्य दिले, रीतसर मोजणी-आकारणी केली, १८७० साली खामगावास लोहमार्ग आणून कापसाचा बाजार वाढविला. हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सावकाराने गहाण शेतात विहीर खणली म्हणून गहाणखताची चौकशी करूच नये, असा न्याय कोठला? दुसरा पक्ष ‘वऱ्हाडचा प्रश्न’ म्हणजे निजामाचा हक्क की इंग्रजांचा, एवढाच मानतो. तोही आम्हांस तितकाच अमान्य आहे. १८५३, १८६० आणि १९०२ या तीन करारांत रयतेचे मत एकदाही विचारले गेले नाही. आणि आज लिहिणारेही ते विचारीत नाहीत, ही खरी खंत आहे.

म्हणून आमचे स्पष्ट सांगणे असे की, लष्करी इतिहास लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने पलटणींच्या गौरवगाथांची भाषांतरे करण्याआधी वऱ्हाडातील गावोगावचे जुने जमाबंदीचे कागद हुडकावे. पाटील-पांड्यांच्या घरच्या पेट्यांत जे काही शिल्लक असेल ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी उतरून घ्यावे, आणि साऱ्याचा आकडा फौजेच्या खर्चाशी ताडून पाहावा. हे काम कष्टाचे आहे, त्यात तलवारींचा खणखणाट नाही. पण ज्यांनी दोन पिढ्या ही फौज पोसली त्यांची नावे त्याच कागदांत सापडतील. पलटणींच्या बखरीत ती सापडावयाची नाहीत.