डोंगरी सायकलीची चढण

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील तामारँ गांवीं जाणाऱ्या व डोंगरी सायकलीची हौस असलेल्या वाचकांस आमची एक सूचना आहे. बेटाचें सर्वोच्च शिखर अवघें ८२८ मीटर, म्हणून तेथील चढणीस हलकें लेखूं नये. दक्षिणेस काझ नोयाल येथें शामारेलचा रस्ता समुद्र सोडतांच चढूं लागतो. आम्ही दहा वाजतां निघालों, ही चूक. निम्म्या वाटेंत धाकट्या बंधूस भोंवळ आली. “दादा, तुम्ही व्हा पुढें,” तो म्हणाला. (शरम वाटली ती आम्हांस!) उतरतांना सांवलीसाठीं कच्ची वाट धरली, पावसानें लाल माती निसरडी झालेली. अशा उतारीं पुढचा ब्रेक एकदम आवळूं नये, अंग मागें रेलून ठेवावें. दुसरे दिवशीं उजाडतांच निघालों. शामारेलला बंधूच आधीं पोंचला व आमच्यासाठीं तेथील कॉफी मागवून बसला.