बदलीचे बिऱ्हाड

कोळसा खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी स्थापन होऊन तिचे मुख्यालय नागपुरास आले. परंतु डोंबिवलीच्या दोन खोल्यांतला संसार आवरून, बदलीच्या हुकुमान्वये मुलाबाळांसह तिच्या चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या खाणीवर रुजू होणाऱ्यास प्रथम जाणवतो तो दोरीवरील शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर सायंकाळपर्यंत बसलेला काळा थर, आणि खुल्या खाणीत सुरुंग उडताच मांडणीवरील भांड्यांचा किणकिणाट. धुळीचे नवल डोंबिवलीकराने करू नये. २०२० साली आपल्याच औद्योगिक वसाहतीतला रस्ता रासायनिक प्रदूषणाने गुलाबी झाला होता. पत्नीची मुंबईतली नोकरी मात्र त्या हुकुमात कोठेच नमूद नसते. भत्ता मंजूर होतो तो सामानाचा, तिच्या राजीनाम्याचा नव्हे.